विश्लेषण : शवपेट्या गिझात, देह लक्सरमध्ये… प्राचीन इजिप्तमध्ये शवपेटीला एवढे महत्त्व का होते?

गिझाच्या पिरॅमिडजवळचे ग्रँड इजिप्शियन म्युझियम नोव्हेंबर २०२५ मध्ये पूर्णपणे खुले झाले. तुतानखामुनच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू तिथे प्रथमच एका छताखाली आल्या. त्याच्या तिन्ही शवपेट्याही त्यात आहेत. मात्र त्या ज्याच्यासाठी घडवल्या, तो तुतानखामुन तिथे नाही. त्याचा देह शेकडो किलोमीटर दक्षिणेला, लक्सरजवळच्या ‘राजांच्या खोऱ्या’तील त्याच्या मूळ थडग्यात काचेच्या पेटीत आहे. आजच्या पर्यटकाला यात वावगे वाटणार नाही, पण प्राचीन इजिप्शियन माणसासाठी देह आणि शवपेटी यांची ताटातूट हीच सर्वांत मोठी भीती होती. ही भीती कशातून आली, शवपेटी घडवली कशी जाई, तिची किंमत किती होती आणि खुद्द इजिप्शियन लोकांनीच जुन्या शवपेट्या रिकाम्या करून पुन्हा का वापरल्या, याचा हा आढावा.

शवपेटी की ‘जीवनाचा स्वामी’?

दगडी शवपेटीसाठी इंग्रजीत वापरला जाणारा ‘सार्कोफॅगस’ हा शब्द मूळचा ग्रीक. त्याचा अर्थ ‘मांस खाणारा’. एका विशिष्ट दगडाच्या पेटीत देह लवकर नष्ट होतो, या समजुतीतून तो आला. प्राचीन इजिप्शियन भाषेत मात्र शवपेटीला ‘नेब अंख’ असेही म्हणत. त्याचा अर्थ ‘जीवनाचा स्वामी’. एका संस्कृतीला जी वस्तू देह संपवणारी वाटली, तीच दुसरीला देह जपणारी वाटली.

यामागे ओसायरिसची कथा आहे. ग्रीक लेखक प्लुटार्कने सांगितलेल्या रूपात, दुष्ट भाऊ सेथ हा ओसायरिसच्या अंगाच्या मापाची एक सुंदर पेटी बनवून घेतो. मेजवानीत ‘ज्याला ही पेटी नेमकी बसेल त्याला ती भेट’ असे जाहीर करतो. ओसायरिस आत झोपताच झाकण ठोकून पेटी नाईल नदीत सोडली जाते. पुढे त्याची पत्नी आयसिस त्याचा देह शोधून काढते. ओसायरिस पुन्हा जिवंत होऊन मृतांच्या जगाचा राजा होतो. त्यामुळे प्रत्येक मृत व्यक्तीचे नाव घेताना त्याआधी ‘ओसायरिस’ लावण्याची पद्धत पडली. मृत माणूस पेटीत गेला म्हणजे तो ओसायरिसच्या वाटेने निघाला, असा त्याचा अर्थ.

शवपेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला अनेकदा नूत या आकाशदेवतेचे चित्र असे. ती रोज संध्याकाळी सूर्याला गिळते आणि पहाटे त्याला पुन्हा जन्म देते, अशी श्रद्धा होती. तिच्या चित्राखाली झोपलेला मृत म्हणजे आईच्या उदरातील बाळ. याचा अर्थ शवपेटी एकाच वेळी घर, नौका आणि गर्भ होती.

देह टिकवण्याची गरज काय होती?

मृत्यूनंतर माणसाचे वेगवेगळे अंश वेगळे होतात, असे इजिप्शियन मानत. ‘का’ म्हणजे जीवनशक्ती. तिला अन्नपाणी लागते, म्हणून थडग्यात भाकरी, बिअर, मांस ठेवले जाई किंवा भिंतीवर त्यांची चित्रे काढली जात. ‘बा’ हा माणसाचे डोके असलेल्या पक्ष्याच्या रूपात दाखवला जातो. तो दिवसा बाहेर फिरतो, पण रात्री त्याला देहाकडे परतावे लागते. देहच नसेल किंवा ओळखू येत नसेल तर ‘बा’ कुठे परतणार? म्हणून देह टिकला पाहिजे आणि त्याचे नावही टिकले पाहिजे. शवपेटीवर नाव पुन्हा पुन्हा लिहिण्याचे कारण हेच. एखाद्याला कायमचे संपवायचे असेल तर त्याचे नाव खोडून टाकत.

यापुढची पायरी म्हणजे न्यायनिवाडा. मृताचे हृदय तराजूच्या एका पारड्यात आणि सत्याची देवता मात हिचे पीस दुसऱ्या पारड्यात ठेवले जाई. हृदय पापाने जड झालेले निघाले तर मगरीचे तोंड असलेली अम्मित ते खाऊन टाकी आणि मृताचे अस्तित्व संपे. बुद्धी हृदयात असते असे मानले जाई, म्हणून ममी करताना हृदय शक्यतो आतच ठेवत. मेंदू मात्र नाकावाटे काढून टाकला जाई.

सुरुवात वाळूतून

पिरॅमिड उभारले जाण्याच्या कितीतरी आधी, इ.स.पू. ४००० च्या आसपास, मृतांना वाळवंटातील उथळ खड्ड्यांत पाय पोटाशी घेतलेल्या अवस्थेत पुरत. सोबत मातीची भांडी, मणी, काही अवजारे असत. गरम, कोरडी वाळू देहातील पाणी शोषून घेई आणि त्वचा, केस टिकून राहत. ब्रिटिश म्युझियममधील ‘गेबेलेन मॅन’ हा सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा देह असाच नैसर्गिकरीत्या टिकलेला आहे.

पुढे सधन लोक मृताला वेताच्या टोपलीत, लाकडी पेटीत किंवा विटांनी बांधलेल्या खोलीत ठेवू लागले. यातून एक विचित्र अडचण उभी राहिली. देहाचे रक्षण करण्यासाठी आणलेल्या पेटीनेच देह आणि वाळू यांचा संपर्क तोडला. पाणी शोषले जाईना, देह कुजू लागला. त्यावर उपाय म्हणून कृत्रिमरीत्या देह टिकवण्याचे तंत्र आले, असे दीर्घकाळ सांगितले गेले. अलीकडच्या संशोधनाने या चित्रात थोडी दुरुस्ती केली आहे. मोस्तागेद्दा येथील प्रागैतिहासिक दफनांतील कापडावर राळ आणि तेल यांचे मिश्रण लावल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. म्हणजे वाळूत पुरण्याच्या काळातही देहावर प्रयोग सुरू झाले होते.

ममी कशी तयार होत असे?

संपूर्ण विधीला साधारण ७० दिवस लागत. पोटाच्या डाव्या बाजूला छेद देऊन यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी काढली जात. ती वेगळी वाळवून चार बरण्यांत ठेवत. होरसचे चार पुत्र त्यांचे रक्षण करतात, अशी श्रद्धा होती. त्यानंतर देह नॅट्रॉनमध्ये झाकून ठेवला जाई. नॅट्रॉन हे वाळवंटातील आटलेल्या तलावांत मिळणारे क्षारांचे मिश्रण. त्यात मुख्यतः धुण्याचा सोडा, खाण्याचा सोडा आणि मीठ असते. ते देहातील पाणी ओढून घेते. पाणी नसले की जिवाणू वाढत नाहीत. मासळी खारवून वाळवण्यामागे हेच तत्त्व आहे. सुमारे ४० दिवसांनी देह बाहेर काढून त्यावर तेल, राळ लावत आणि तागाच्या पट्ट्या गुंडाळत. पट्ट्यांच्या थरांत ताईत ठेवत.

या राळेविषयी २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत महत्त्वाचे संशोधन प्रसिद्ध झाले. सक्कारा येथे जमिनीखाली सापडलेल्या एका ममी-कार्यशाळेतील भांड्यांचे रासायनिक विश्लेषण त्यासाठी करण्यात आले. ही कार्यशाळा इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकातील. विशेष म्हणजे भांड्यांवर आतील पदार्थाचे नाव आणि ‘डोक्यासाठी’सारख्या वापराच्या सूचना लिहिलेल्या होत्या. त्यात देवदार, पिस्त्याच्या कुळातील झाडे यांच्यासोबतच ‘डॅमर’ ही राळही सापडली. डॅमर देणारी झाडे आपल्याकडच्या शाल वृक्षाच्या कुळातली असून ती दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या जंगलांत आढळतात. म्हणजे नाईलच्या काठावरच्या मृतासाठी लागणारा माल समुद्रापलीकडच्या जंगलांतून, अनेक हातांतून प्रवास करत येत होता.

सर्वांना हा थाट परवडत नसे. इ.स.पू. पाचव्या शतकात इजिप्तला गेलेल्या हेरोडोटसने ममी करण्याचे तीन दर नोंदवले आहेत. महागड्या पद्धतीत वरील सगळे सोपस्कार होत. मध्यम पद्धतीत छेद न देता देवदाराचे तेल आत सोडले जाई. सर्वांत स्वस्त पद्धतीत आतडी धुऊन देह नॅट्रॉनमध्ये ठेवत आणि नातेवाईकांच्या ताब्यात देत.

पेटीचा आकार कसा बदलत गेला?

सुरुवातीच्या शवपेट्या आयताकृती होत्या. इ.स.पू. २००० च्या आसपास, म्हणजे मध्य राज्याच्या काळात, पेटीच्या पूर्वेकडील बाजूवर दोन मोठे डोळे रंगवत. मृताला डाव्या कुशीवर, तोंड पूर्वेकडे करून झोपवत. त्या डोळ्यांतून त्याने रोजचा सूर्योदय पाहावा, अशी कल्पना होती. आतल्या बाजूला दागिने, शस्त्रे, चपला, अन्न यांची चित्रे आणि परलोकात उपयोगी पडणारे मंत्र लिहीत. हे मंत्र ‘कॉफिन टेक्स्ट्स’ म्हणून ओळखले जातात. जुन्या राज्यात असे मंत्र पिरॅमिडच्या आत, राजघराण्यातील व्यक्तींसाठी कोरले जात. आता अधिकारी आणि त्यांच्या बायकाही ते आपल्या पेटीत लिहून घेऊ लागल्या. परलोकावरची राजघराण्याची मक्तेदारी या पेट्यांवर मोडताना दिसते.

त्यानंतर माणसाच्या आकाराच्या पेट्या आल्या. ममीचाच तो लाकडी अवतार. देहाला काही झाले तर ‘बा’ला परतण्यासाठी हा पर्यायी देह उपयोगी पडेल, असा विचार त्यामागे असावा. इ.स.पू. सोळाव्या शतकाच्या आसपासच्या काही पेट्यांवर अंगभर पंख रंगवलेले असतात. अभ्यासक त्यांना ‘रिशी’ शवपेट्या म्हणतात. आपल्या ‘ऋषी’शी त्याचा काही संबंध नाही. अरबीत ‘रीश’ म्हणजे पीस, त्यावरून हे नाव पडले. योगायोगाने शवपेटीसाठीचा अरबी शब्द मात्र मराठीला परिचित आहे. मोहरमच्या संदर्भात वापरला जाणारा ‘ताबूत’ तो हाच.

शवपेटी कशी बनवत? खर्च किती?

इजिप्तमध्ये चांगल्या इमारती लाकडाची कायमची टंचाई होती. स्थानिक उंबरवर्गीय झाड, बाभूळ, झाऊ यांचे लाकूड आखूड, वाकडे आणि गाठींचे. लांब, सरळ फळ्यांसाठी लेबनॉनचा देवदार आणावा लागे. तो श्रीमंतांनाच परवडे. बाकीच्यांसाठी सुतार लाकडाचे लहानमोठे तुकडे लाकडी खुंट्या आणि सांध्यांनी जोडत. फटी मातीच्या किंवा चुन्याच्या लगद्याने बुजवत. त्यावर कापड, मग गिलावा आणि शेवटी रंग. वरून पाहणाऱ्याला अखंड, तुकतुकीत पेटी दिसे. पोटातली ठिगळे आता सीटी स्कॅनमध्ये दिसतात.

केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयाने इ.स.पू. १००० च्या सुमारासच्या नेसपावेरशेफीत या अधिकाऱ्याच्या शवपेट्या अशाच तपासल्या. त्यात जुन्या पेट्यांचे लाकूड वापरल्याचे दिसले. आतल्या पेटीच्या झाकणावर कारागिरांच्या बोटांचे ठसेही सापडले. वरचा लेप पुरता वाळण्याआधीच कोणीतरी झाकण उचलले होते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या या कामगारांची नावे कुठेही नोंदलेली नाहीत. ठसे तेवढे उरले.

किमतीबाबत सर्वांत चांगली माहिती मिळते ती लक्सरजवळच्या देर अल-मदिना या गावातून. राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर इथे राहत. हिशेब, पावत्या, भांडणे हे सगळे ते खापऱ्यांवर लिहून ठेवत. इ.स.पू. तेराव्या ते अकराव्या शतकातील या नोंदींनुसार साधारण शवपेटीला २० ते ४० देबेन पडत. देबेन हे सुमारे ९१ ग्रॅम तांब्याचे माप. सामान्य कारागिराला महिन्याला धान्याच्या रूपात मिळणारे वेतन सुमारे ११ देबेन किमतीचे होते. म्हणजे एका शवपेटीसाठी दोन ते चार महिन्यांचे वेतन मोजावे लागे. त्यात ममीचा, विधींचा आणि थडग्याचा खर्च धरलेला नाही. म्हणूनच अनेक जण हयातीतच शवपेटी तयार करून घेत.

गरिबांना काय मिळे?

संग्रहालयांत दिसणारा इजिप्त हा प्रामुख्याने श्रीमंतांचा इजिप्त आहे. फॅरो आखेनातेनने इ.स.पू. चौदाव्या शतकात वसवलेल्या अमार्ना या राजधानीतील सामान्यांच्या दफनभूमीचे उत्खनन गेल्या दोन दशकांत झाले. तिथल्या बहुतेकांच्या नशिबी लाकडी पेटी नव्हती. कापडात गुंडाळलेला देह काड्यांच्या चटईत बांधून वाळूत ठेवलेला. अनेकांच्या हाडांवर कुपोषणाच्या आणि जड ओझी वाहिल्याच्या खुणा आहेत. लहान मुलांना काही ठिकाणी मोठ्या मडक्यांत पुरल्याचेही इजिप्तभर आढळते. तरीही या साध्या दफनांत एखादे भांडे, एखादा ताईत किंवा मण्यांची माळ सापडते. परलोकाची आशा सर्वांनाच होती, फरक खिशाचा होता.

तुतानखामुनच्या शवपेट्यांत वेगळे काय?

हॉवर्ड कार्टरच्या पथकाला नोव्हेंबर १९२२ मध्ये तुतानखामुनचे थडगे सापडले. इ.स.पू. १३२३ च्या सुमारास, वयाच्या १९ व्या वर्षाच्या आसपास मरण पावलेल्या या राजाभोवती सोन्याचा मुलामा दिलेली चार लाकडी देवघरे, त्यांच्या आत दगडी शवपेटी आणि तिच्या आत एकात एक बसणाऱ्या तीन मानवाकृती शवपेट्या होत्या. बाहेरच्या दोन लाकडी, सोन्याने मढवलेल्या. सर्वांत आतली भरीव सोन्याच्या पत्र्याची, सुमारे ११० किलो वजनाची.

एवढ्या थाटातही घाईच्या खुणा लपत नाहीत. दगडी पेटी आणि तिचे झाकण वेगवेगळ्या दगडांचे आहे आणि झाकण मधोमध तडकलेले होते. सर्वांत बाहेरची लाकडी पेटी उंचीला जास्त झाली, तेव्हा दगडी झाकण बसावे म्हणून तिच्या पायाची बोटे तासून टाकण्यात आली. त्याचे तुकडे कार्टरला पेटीच्या तळाशी मिळाले. थडग्यातील काही वस्तू, बहुधा मधली शवपेटीसुद्धा, आधी दुसऱ्या कोणासाठी बनवलेल्या होत्या, असे अनेक अभ्यासक मानतात.

देहाची ताटातूट मात्र विसाव्या शतकातली. विधीच्या वेळी ओतलेल्या लेपांमुळे ममी सोन्याच्या पेटीच्या तळाला घट्ट चिकटली होती. ती सोडवताना १९२५ मध्ये कार्टर आणि शरीरशास्त्रज्ञ डग्लस डेरी यांच्या पथकाने तिचे अवयव वेगळे केले. मुखवटा आणि सोन्याची पेटी कैरोला गेली. बाहेरची लाकडी पेटी २०१९ मध्ये दुरुस्तीसाठी थडग्यातून हलवेपर्यंत तिथेच होती. आता तिन्ही पेट्या गिझात एकत्र आहेत. राजा जागच्या जागी आहे.

शवपेट्यांचा पुनर्वापर कोणी केला?

थडगी लुटण्याचे खापर परकीयांवर फोडणे सोपे असले तरी पहिले लुटारू घरचेच होते. फॅरो रामसेस नवव्याच्या कारकिर्दीत, इ.स.पू. बाराव्या शतकाच्या अखेरीस, थडगेचोरीचे मोठे खटले चालले. त्यांचे कागद, म्हणजे पपायरस, आजही उपलब्ध आहेत. त्यात एका पाथरवटाने राजा सोबेकेमसाफ आणि त्याच्या राणीचे थडगे फोडल्याची, दोघांच्या अंगावरचे सोने काढून घेतल्याची आणि शवपेट्यांना आग लावल्याची कबुली दिली आहे.

त्यानंतर इजिप्तची परिस्थिती आणखी बिघडली. न्युबियातील सोन्यावरचा ताबा सुटला. लेबनॉनचे देवदार मिळणे अवघड झाले. त्या काळावर बेतलेल्या ‘वेनामुनचा वृत्तांत’ या इजिप्शियन कथनात मंदिराच्या अधिकाऱ्याला बिब्लॉसच्या राजापुढे देवदारासाठी अक्षरशः ताटकळत बसावे लागते. लाकूड नाही, सोने नाही, पण मृत्यू थांबत नाही. मग उपाय एकच उरला, जुनी पेटी नव्या मृतासाठी वापरणे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (लॉस एंजेलिस) अभ्यासक कारा कूनी यांनी जगभरातील संग्रहालयांत या काळातील शेकडो शवपेट्या तपासल्या. त्यातील निम्म्याहून अधिक पेट्यांवर पुनर्वापराच्या खुणा त्यांना आढळल्या. कुठे जुना गिलावा खरवडून नवा रंग दिलेला, कुठे फक्त नाव बदललेले. बाईची पेटी पुरुषासाठी वापरायची तर उघडे तळवे काढून वळलेल्या मुठी बसवायच्या, कानातले झाकायचे, हनुवटीवर दाढी लावायची. पुरुषाची पेटी बाईसाठी हवी असेल तर याच्या उलट.

हे काम चोरांनी अंधारात केलेले नव्हते. अनेक पेट्या पुरोहितांच्याच कुटुंबांतील होत्या. राजेही त्याला अपवाद नव्हते. तानिस येथे १९४० मध्ये चांदीच्या शवपेटीसह सापडलेल्या सुसेनेस पहिल्याची बाहेरची दगडी पेटी मूळची फॅरो मेर्नेप्ताहची होती. लक्सरच्या पुरोहितांनी जुन्या राजांच्या ममी त्यांच्या थडग्यांतून काढून एका गुप्त जागी हलवल्या. पेट्यांवरचे सोने तेवढे खरवडून घेतले.

तरीही याला निव्वळ लूट म्हणता येत नाही. याच पुरोहितांनी फाटलेल्या ममींना नव्या पट्ट्या गुंडाळल्या, त्यांच्यावर नावे आणि हलवल्याच्या तारखा लिहिल्या. फॅरो आमेनहोतेप पहिल्याच्या ममीचे पट्ट्या न सोडता केलेले सीटी स्कॅन २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरोहितांनी नंतर ती पुन्हा गुंडाळताना तुटलेले अवयव नीट बसवले आणि दागिने आतच राहू दिले, असे त्यात दिसले. विधी पार पडला, मृत ओसायरिसला मिळाला की पेटीचे मुख्य काम झाले, असा विचार पुनर्वापरामागे असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. श्रद्धा आणि टंचाई यांच्यात लोकांनी काढलेला हा मधला मार्ग होता.

आधुनिक काळात काय घडले?

‘ममी’ हा शब्दच एका गैरसमजातून आला. फारसी-अरबीत ‘मूमिया’ म्हणजे डांबरासारखा औषधी पदार्थ. काळ्या पडलेल्या देहांवर तोच लावलेला आहे असे समजून युरोपात कित्येक शतके ममींची भुकटी औषध म्हणून विकली गेली. चित्रकारांसाठी ‘ममी ब्राऊन’ नावाचा तपकिरी रंगही त्यापासून बनवत. एकोणिसाव्या शतकात शवपेट्या आठवण म्हणून जहाजांतून नेल्या गेल्या. इजिप्तने १९८३ च्या कायद्याने पुरातन वस्तूंच्या व्यापाराला आणि निर्यातीला बंदी घातली. चोरी मात्र थांबली नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये पुरोहित नेजेमांखची सोन्याने मढवलेली शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरना विकत घेतली. तिच्यासोबत १९७१ चा निर्यात परवाना होता. तपासात तो बनावट निघाला. पेटी प्रत्यक्षात २०११ च्या उठावाच्या धामधुमीत इजिप्तमधून चोरली गेली होती. २०१९ मध्ये ती इजिप्तला परत देण्यात आली. चोरांनी देह फेकून देऊन पेटी विकली होती. बोटाचे एक हाड तेवढे आत राहून गेले होते. चोरीच्या बाजारात पेटीला कोट्यवधींचा भाव आहे आणि ज्याच्यासाठी ती बनली त्याला काहीच नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही.

सक्कारात एवढ्या शवपेट्या का सापडत आहेत?

सक्कारा ही प्राचीन मेम्फिस राजधानीची दफनभूमी. तीन हजार वर्षांहून अधिक काळ ती वापरात होती. २०२० मध्ये तिथे आधी ५९ आणि नंतर शंभराहून अधिक बंद शवपेट्या सापडल्याचे इजिप्तने जाहीर केले. २०२२ मध्ये आणखी २५० पेट्या मिळाल्या. त्यातील बहुतेक पुरोहित, अधिकारी आणि सधन लोकांच्या आहेत. उत्तर काळात एकेका खोल विवरात अनेकांच्या पेट्या एकावर एक रचून ठेवत. जागा पवित्र, पण मर्यादित. त्यामुळे एक विवर सापडले की डझनावारी पेट्या हाती लागतात. कोरडी हवा आणि बंद विवर यांमुळे अडीच हजार वर्षांनंतरही रंग ताजे दिसतात.

पर्यटनावर मोठी भिस्त असलेल्या इजिप्तसाठी या बातम्या मोलाच्या आहेत. त्यामुळे शोधांची घोषणा थाटात, कॅमेऱ्यांसमोर होते. २०२० मध्ये एक पेटी माध्यमांसमोरच उघडण्यात आली. बाहेरच्या हवेचा, आर्द्रतेचा देहावर परिणाम होतो, त्यामुळे असे उघडणे कितपत योग्य, हा वाद तेव्हापासून सुरू आहे. दुसरीकडे सीटी स्कॅनमुळे पेटी किंवा पट्ट्या न उघडताही वय, आजार, ताईत समजू शकतात. मुंबईकरांनी याचे उदाहरण पाहिले आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात २०१२-१३ मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या सहकार्याने भरलेल्या प्रदर्शनात कर्नाकचा पुरोहित नेस्पेरेन्नूब याची ममी आणि तिचे त्रिमितीय स्कॅन दाखवण्यात आले होते. त्याच्या डोक्यामागे मातीचे एक भांडे चिकटलेले स्कॅनमध्ये दिसले. राळ ओतताना खाली ठेवलेले भांडे घट्ट बसले. ते निघेना, तेव्हा कामगारांनी त्याच्यासकट पट्ट्या गुंडाळून टाकल्या. नातेवाईकांना याचा पत्ता लागला नाही. तो लागला २८०० वर्षांनी.

मृतांना प्रदर्शनात ठेवावे का?

हा प्रश्न इजिप्तलाही नवा नाही. १८८१ मध्ये लक्सरजवळच्या गुप्त जागेतून रामसेस दुसऱ्यासह अनेक राजांच्या ममी बाहेर काढून बोटीने कैरोला नेण्यात आल्या. तेव्हा नाईलच्या काठावर गावोगावच्या बायका केस मोकळे सोडून आक्रोश करत होत्या आणि पुरुष बंदुकांचे बार काढत होते, असे वर्णन आहे. गावातली माणसे गेल्यावर करत तसेच. पुढे राष्ट्राध्यक्ष अन्वर सादात यांच्या काळात कैरोतील राजांच्या ममींचे दालन बंद करण्यात आले. ते १९९४ मध्ये पुन्हा उघडले. ३ एप्रिल २०२१ रोजी १८ राजे आणि चार राण्या अशा २२ ममी लष्करी मानवंदनेसह नव्या संग्रहालयात नेण्यात आल्या. ब्रिटनमधील काही संग्रहालये आता ‘ममी’ऐवजी ‘ममी केलेली व्यक्ती’ असा शब्द वापरतात. काचेपलीकडे वस्तू नसून माणूस आहे, याची आठवण राहावी, हा त्यामागचा हेतू.

प्रदर्शनाच्या बाजूनेही युक्तिवाद आहे. इजिप्शियन लोक थडग्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मजकूर कोरत. इथून जाणाऱ्यांनो, माझे नाव घ्या, माझ्यासाठी अन्नपाण्याचा मंत्र म्हणा, अशी विनवणी त्यात असे. नाव उच्चारले जाते तोवर माणूस जिवंत, हा त्यांचा विश्वास. त्या अर्थाने तुतानखामुनचे नाव आज जितक्यांच्या तोंडी आहे तितके त्याच्या हयातीतही नसेल. पण त्यांनी नावासोबत देह आणि पेटी एकत्र राहावी हेही मागितले होते. नाव टिकले आणि पेटी टिकली. देहाचे काय करायचे, हे मात्र संग्रहालये आणि इजिप्तचे सरकार यांना ठरवायचे आहे. तुतानखामुनच्या बाबतीत तूर्त तरी तो त्याच्या थडग्यातच आहे.